हत्तीचं शेपूट

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींची वर्षभराची फाईल नोटपॅडमध्ये उघडायचा आगाऊपणा मी एकदा केला होता. दर मिनिटाला एक ओळ. दिवसाच्या १,४४० ओळी, वर्षाच्या ५,२५,६००. एकेका ओळीत सत्तर अक्षरं आणि वर ओळ संपल्याच्या दोन अदृश्य खुणा. म्हणजे सगळी मिळून पावणेचार कोटींहून थोडी जास्तच अक्षरं. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरला, खिडकी पांढरी पडली, आणि मी चहा करून आलो तरी पांढरीच होती. मला हवं होतं एवढंच, की नोंदी ३१ डिसेंबरच्या शेवटच्या मिनिटापर्यंत आल्या आहेत की मध्येच कुठे थांबल्या. त्यासाठी मी पावणेचार कोटी अक्षरं पडद्यावर ओतायला निघालो होतो.

आमच्या सोसायटीत एक मुलगा राहतो, रात्रपाळीत सर्व्हर सांभाळतो. त्याने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, फाईल कशाला उघडताय? टेल मारा की."

टेल म्हणजे शेपूट. युनिक्स आणि त्याच्या वंशातल्या लिनक्स, मॅक वगैरे सगळ्या प्रणालींमध्ये या नावाची एक छोटी आज्ञा असते. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत रोमन छोट्या लिपीत टेल असं लिहायचं, जागा सोडायची, फाईलचं नाव लिहायचं आणि एंटर. फाईल कितीही मोठी असो, तिच्या शेवटच्या दहा ओळी समोर येतात. दहा कमी वाटल्या तर मध्ये 'उणे एन' लिहून आकडा द्यायचा: टेल -एन ५०. (इथे आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे; यंत्राला अर्थातच ती रोमनमध्येच लागते.) माझ्या त्या पावणेचार कोटी अक्षरांच्या फाईलचं शेपूट डोळ्याची पापणी लवायच्या आत पडद्यावर आलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण चिडून म्हणतो. इथे हत्ती जागचा हलत नाही, फक्त शेपूट तेवढं हातात येतं, आणि बहुतेक वेळा हवं असतं तेही तेवढंच.

अलिबागची फाईल मी का उघडत होतो, तर ती आमच्या पनवेलची गोष्ट आहे म्हणून. नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, कळंबोली हायवेजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजदाद करणं हे तिचं काम. १९७१ साली ती स्वायत्त संस्था झाली, पण तिचं मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे, आणि तिथे चुंबकीय नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. गणिती केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरोनाना, अगदी तरुण वयात याच वेधशाळेत नोकरीला लागले होते. टिळकांना गणित शिकवणारे म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा वेधशाळेपुढे प्रश्न उभा राहिला, कारण रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी वीज नाजूक चुंबकाला नाचवते. त्या वेळचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकाचा संसार अलिबागला हलवला. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, लोहाचा अंश नको म्हणून इमारतीसाठी पोरबंदरी दगड वापरला, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुन्या नोंदींना नव्या नोंदी जोडताना सांधा निसटू नये. असा सांधा जोडण्याचं महत्त्व ज्याला कळलं, त्याला फाईलच्या शेवटाची किंमत आपोआप कळत असणार.

आज अलिबागच्या नोंदी जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात एका ठरावीक साच्यात जातात. साधी मजकुराची फाईल. वर बारा ओळींचं डोकं: वेधशाळेचं नाव, तिची तीन अक्षरी खूण एबीजी, अक्षांश, रेखांश, उंची, असं सगळं. त्याखाली रकान्यांची नावं, आणि मग ओळीमागून ओळ: तारीख, वेळ, वर्षातला कितवा दिवस, आणि चुंबकीय क्षेत्राचे चार आकडे, नॅनोटेस्ला या एककात. अलिबागला क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. रोज त्यात दहांच्या घरात चढउतार होतो, आणि सूर्यावर काही उलथापालथ झाली तर शेकड्यांत.

अशा फाईलचं डोकं एकदा वाचलं की काम झालं. ते वर्षानुवर्षं तेच असतं. मधल्या ओळी अभ्यास करणाऱ्याच्या. रोज, तासातासाला, पुन्हापुन्हा बघावी लागते ती शेवटची ओळ. यंत्र जिवंत आहे ना? वीज गेली का? आकडे जागेवर आहेत का? फाईल आणि बाहेरचं जग एकमेकांना चिकटलेले असतात ते फक्त या टोकाला.

हे टोक टेल इतक्या झटकन कसं गाठतं? भोळा मार्ग असा, की पहिल्या ओळीपासून मोजत यायचं आणि शेवटी पोचल्यावर मागच्या दहा दाखवायच्या. एस.टी.च्या लाल गाडीने पनवेलहून निघून प्रत्येक थांब्यावर थांबत जाण्यासारखं. टेल तसं करत नाही. फाईल डिस्कवर पडलेली असेल तर प्रणालीला तिची लांबी ठाऊक असते, आणि "एकदम टोकाला ने" असं सांगता येतं. टेल टोकाला उडी मारतं, तिथून काही हजार अक्षरांचा एक तुकडा उचलतं आणि त्यात ओळ संपल्याच्या खुणा उलट्या दिशेने मोजत येतं. दहा खुणा भरल्या की झालं. नाही भरल्या तर आणखी एक तुकडा मागे. आपल्या चुंबकीय फाईलच्या दहा ओळी म्हणजे ७२० अक्षरं, एका तुकड्यात मावतात. फाईल एका दिवसाची असो की शंभर वर्षांची, कष्ट तेवढेच.

पण मजकूर फाईलमधून न येता दुसऱ्या आज्ञेकडून पाइपने येत असेल तर ही उडी जमत नाही. पाइप हे युनिक्सचं दुसरं थोर वैशिष्ट्य, एका आज्ञेचं बाहेर पडणारं दुसरीच्या तोंडात देणारं. हंड्यातलं पाणी किती उरलंय ते डोकावून कळतं. नळातून अजून किती येणार ते आलेलं सगळं पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा टेलला सगळं वाचावंच लागतं. ते दहा ओळी हातात धरतं. अकरावी आली की पहिली टाकून देतं, बारावी आली की दुसरी. धार थांबते तेव्हा हातात असलेल्या दहा ओळी दाखवतं. जुन्या काळी हात लहान होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये शेपटासाठी राखलेली जागा काही हजार अक्षरांची होती, आणि त्यापेक्षा लांब शेपूट मागितलं तर मिळणार नाही अशी कबुली माहितीपुस्तिकेतच, दोषांच्या सदराखाली छापलेली होती. स्वतःच्या आज्ञांचे दोष स्वतःच छापण्याची ती पद्धत मला फार आवडते. आपल्याकडे प्रेशर कुकरच्या माहितीपत्रकात सुद्धा असं सदर असायला हवं.

टेल जन्मलं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या युनिक्स कुटुंबात. तेव्हा पडदे थोडे आणि टंकयंत्रासारखी छापणारी टर्मिनलं पुष्कळ होती. त्यांतलं एक प्रसिद्ध यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापत असे. त्या वेगाने अलिबागचा एक दिवस, म्हणजे १,०३,६८० अक्षरं, कागदावर उतरायला जवळजवळ तीन तास लागले असते. शेवट पाहण्यासाठी तीन तास खडखडाट ऐकत बसायचं की शेवटच मागायचा, हा प्रश्न तिथे चैनीचा नव्हता. आज लिनक्सवर चालणारं टेल हे ग्नू प्रकल्पातलं, पॉल रुबिन, डेव्हिड मॅकेन्झी, इयन लान्स टेलर आणि जिम मेयरिंग यांनी लिहिलेलं. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही 'गेट-कंटेंट' या आज्ञेला टेल हे विशेषण जोडून तेच काम होतं.

एक गंमत अशी की टेलला शेवटापासून मोजायला सांगता येतं तसं सुरुवातीपासूनही सांगता येतं. आकड्याआधी अधिकचं चिन्ह दिलं की अर्थच पालटतो. टेल -एन १४ म्हणजे शेवटच्या चौदा ओळी; टेल -एन +१४ म्हणजे चौदाव्या ओळीपासून पुढचं सगळं. चुंबकीय फाईलला हे नेमकं लागू पडतं. बारा ओळींचं डोकं, तेरावी रकान्यांच्या नावांची, आणि मध्ये टिपणाच्या जादा ओळी नसतील तर चौदावीपासून निव्वळ आकडे. ते आलेखाच्या प्रोग्रामला थेट देता येतात. म्हणजे डोकं उडवल्यावर उरतं ते सगळं शेपूट. घाईत हे अधिकचं चिन्ह विसरलं तर मात्र दिवसभराच्या आलेखाऐवजी शेवटच्या चौदा मिनिटांचा आलेख हाती येतो आणि तो फारच शांत दिसतो.

अक्षरं मोजून शेपूट मागायचीही सोय आहे, 'सी' लिहून. इथे मराठी माणसाला ठेच लागते. ती अक्षरं नसतात, बाइट असतात. युनिकोडच्या सध्याच्या रूढ साठवणुकीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. एका फाईलमध्ये फक्त 'पनवेल' लिहून एंटर दाबा. प, न, व, एकाराची मात्रा आणि ल, अशा पाच खुणांचे पंधरा बाइट आणि ओळ संपल्याचा एक, एकूण सोळा. आता टेल -सी १० म्हटलं तर पडद्यावर येतं 'वेल'. छान. पण -सी ७ म्हटलं तर व निघून जातो, त्याच्या डोक्यावरची मात्रा मात्र मागे राहते, आणि आधार हरवलेला एकार ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून शेजारच्या ल सोबत उभा राहतो. -सी ८ म्हटलं तर व चा एक तृतीयांश तुकडा हाती लागतो, आणि तो कोणत्याच लिपीत बसत नसल्यामुळे पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. दोष टेलचा नाही. त्याला शेवट दिसतो. तो शेवट एखाद्या अक्षराच्या पोटात पडला आहे हे त्याला दिसत नाही. मराठी मजकुराचं शेपूट ओळींनीच मोजावं.

आता या आज्ञेच्या खऱ्या करामतीकडे येतो. टेल -एफ. एफ म्हणजे फॉलो, मागोमाग राहा. शेवटच्या दहा ओळी दाखवून टेल थांबत नाही, तिथेच बसून राहतं. फाईलमध्ये नवी ओळ पडली की ती लगेच पडद्यावर. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अख्खी जमात यावर जगते; सर्व्हरच्या चालू नोंदींच्या फाईलला ते लॉग म्हणतात. रात्री तीन वाजता काही बिघडलं की पहिलं वाक्य "लॉग बघितलास का?" आणि दुसरं "टेल करून ठेव." काळ्या पडद्यावर ओळी वर सरकत राहतात, सगळं ठीक असताना संथ, बिघडलं की धबधब्यासारख्या. अनुभवी माणूस त्या ओळी वाचत नाही म्हणे, नुसता त्यांचा वेग बघतो.

टेल -एफ ला नवी ओळ आली हे कसं कळतं? बराच काळ उत्तर अगदी साधं होतं: दर सेकंदाला ते उठून फाईलची लांबी तपासायचं. वाढली असेल तर नवा भाग दाखवायचा, नसेल तर पुन्हा एक सेकंद डुलकी. लिनक्सच्या गाभ्यात २००५ साली अशी सोय आली की फाईल बदलली की प्रणालीच हाक मारते, आणि २००९ पासून ग्नूचं टेल जमेल तिथे ती हाक ऐकतं. मात्र दुसऱ्या यंत्रावरची फाईल जाळ्यातून पाहायची असेल तर तिथली हाक इथवर पोचत नाही. तेव्हा पुन्हा आपलं सेकंदासेकंदाला उठणं आलं.

ठरावीक वेळाने उठून बघणं की जागं राहणं, हा प्रश्न कुलाब्याला १८५९ साली पडला होता. तेव्हा तिथे चुंबकाची टांगलेली कांडी किती वळली ते दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचून माणसं हाताने लिहून घेत. दिवसरात्र, दर तासाला. शिरस्ता असा की क्षेत्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे हलू लागलं की तासाची वाट पाहायची नाही, दर पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर वाचायचं. म्हणजे टेलची डुलकी परिस्थितीप्रमाणे लहान-मोठी करायची. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावरच्या डागांतून पांढरा लखलखाट फुटताना पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याच्या चुंबकाने झेप घेतली आणि दोनेक तासांत आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. अलिबागच्या आजच्या रोजच्या चढउतारापुढे हा आकडा ठेवून बघा.

युरोपातल्या काही वेधशाळांकडे तेव्हा जास्त आधुनिक यंत्रं होती. चुंबकाला लावलेल्या आरशावरून प्रकाशाचा ठिपका फिरत्या नळकांड्यावरच्या फोटोच्या कागदावर पडायचा आणि रेघ आपोआप उमटायची. माणसाला जागायला नको. पण त्या वादळात ठिपका कागदाच्या कडेबाहेर गेला. यंत्राने नेमकी ती वेळ कोरी सोडली. कुलाब्यात दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने पट्टीवरचे आकडे लिहून ठेवले. ते वेधशाळेच्या वार्षिक नोंदींत छापले गेले आणि तिथेच राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, आणि आपल्या भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अॅलेक्स यांनी त्यांवर शोधनिबंध लिहिला. नोंदलेल्या इतिहासातल्या त्या सर्वांत नावाजलेल्या सौर वादळाची ताकद किती होती, हे सांगताना जग आज त्या कुलाब्याच्या ओळींकडे बोट दाखवतं.

या गोष्टीत मला खटकणारी एक बाब आहे, आणि ती टेलच्या नादाला लागेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. १८७० च्या दशकात कुलाब्यालाही फोटोची यंत्रं आली. रेघ सलग झाली, तासाच्या मधल्या जागा भरल्या. पण त्या रेघेला शेपूट राहिलं नाही. म्हणजे होतं, पण बघता येत नव्हतं. कागद अंधाऱ्या खोलीत नळकांड्यावर फिरतो आहे, ठिपका त्यावर पडतो आहे, आणि तो कागद काढून, रसायनात बुडवून, वाळवल्याशिवाय आत्ता काय चाललं आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आधीच्या माणसाची नोंद तुटक होती खरी, पण तिचा शेवटचा आकडा नेहमी ताजा असायचा. नव्या यंत्राने सगळं टिपलं आणि वर्तमान तेवढं लपवलं.

संगणकात याच आजाराला बफर म्हणतात. प्रोग्रामला फाईलमध्ये ओळ लिहायची असते, पण एकेक ओळीसाठी डिस्कपर्यंत हेलपाटा नको म्हणून तो ओळी आपल्या खिशात साठवतो आणि खिसा भरला, की काही हजार बाइट एकदम रिकामे करतो. तोवर टेल -एफ बिचारं शेवटाकडे टक लावून बसलेलं, आणि शेवट हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे. प्रत्यक्षात नवी नोंद लिहिणाऱ्याच्या खिशात असते. गंमत म्हणजे तोच प्रोग्राम थेट पडद्यावर लिहीत असेल तर ओळीगणिक खिसा रिकामा करतो. फाईलकडे किंवा पाइपकडे तोंड वळलं की कंजूस होतो. त्यामुळे टेल -एफ चं पाणी एका गाळणीतून दुसऱ्या गाळणीत सोडलं की शेवटी टिपूसही बाहेर येत नाही आणि माणूस आज्ञा चुकली म्हणून कपाळ धरून बसतो. ओळी गाळून देणाऱ्या ग्रेप या आज्ञेला म्हणूनच "ओळीगणिक सोड" असं सांगायची वेगळी सोय ठेवावी लागली.

दुसरा घोटाळा नावाचा. लॉगच्या फाईल फुगू नयेत म्हणून रोज रात्री जुनी फाईल नाव बदलून बाजूला ठेवतात आणि त्याच जुन्या नावाने नवी कोरी फाईल सुरू करतात. टेल -एफ चं काय होतं? ते जुन्या फाईललाच धरून राहतं. आपण तहसीलदारांच्या मागे कामासाठी लागलो आहोत, त्यांची बदली झाली, आणि आपण पनवेलच्या कचेरीत जायचं सोडून त्यांच्या मागोमाग नव्या गावाला गेलो, तसं. खुर्चीवर आता दुसरे साहेब आहेत, कागद त्यांच्याकडे पडत आहेत. यासाठी ग्नूच्या टेलमध्ये मोठ्या लिपीतला एफ आहे. छोटा एफ माणसामागे जातो, मोठा एफ खुर्चीमागे: त्या नावाने आता कोण बसलं आहे ते पुन्हापुन्हा तपासतो. खुर्ची काही वेळ रिकामी असली तरी वाट बघतो. दोन्हींचा उपयोग आहे, पण फरक न कळता रात्रभर बदली झालेल्या साहेबांच्या दारात बसलेले पुष्कळ लोक मला भेटले आहेत.

आपल्या जुन्या व्यवहारात शेवटाची काळजी वेगळ्या रीतीने घेतलेली दिसते. मराठेशाहीतल्या पत्राच्या तोंडाशी शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तब झाल्यावर खाली कोणी एक ओळही घुसडू शकत नसे. "शिक्कामोर्तब" हा शब्द तिथूनच आपल्याकडे राहिला. लॉगच्या फाईलला मोर्तब नसतं. तिचा शेवट म्हणजे या क्षणापुरता शेवट. पेठेतल्या दुकानाची रोजकीर्द आणखी निराळी. तिच्या पानाच्या तळाशी शिल्लक लिहिलेली असते, आणि त्या एका आकड्यात वरचे सगळे जमाखर्च मुरलेले असतात. शेठजींनी नुसतं शेपूट पाहिलं तरी हत्तीचं वजन कळतं. चुंबकीय फाईलच्या शेवटच्या ओळीला वरच्या १,४३९ ओळींची काही खबर नसते. तिला फक्त तिचं मिनिट ठाऊक. तेव्हा कीर्द वाचायची सवय घेऊन लॉग वाचू नये.

त्या ओळीतली वेळही एकदा नीट बघावी लागते. या साच्यात सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसाच्या फाईलची शेवटची ओळ २३:५९ म्हणते तेव्हा पनवेलमध्ये पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटं झालेली असतात आणि स्टेशनकडे सकाळच्या लोकलवाल्यांची लगबग चालू असते. शिवाय शेवटची ओळ म्हणजे शेवटची नोंद असंही नाही. मोजमाप हुकलेल्या मिनिटापुढे या साच्यात ९९९९९ लिहितात. मी त्या दिवशी टेल मारलं तेव्हा ३१ डिसेंबर, २३:५९ अशी ओळ दिसली आणि मी खूश झालो. शेजारच्या मुलाने ओळीच्या उजव्या टोकाकडे बोट दाखवलं. तारीख होती, वेळ होती, आणि आकड्यांच्या जागी चारही रकान्यांत नव्व्याण्णवांची रांग. फाईल संपेपर्यंत आली होती. नोंदी कधीच्या थांबल्या होत्या. मग टेल -एन ५०, मग ५००, असं मागे मागे जात खरा शेवट शोधावा लागला.

१० मे २०२४ च्या रात्री, आपल्या घड्याळात १०:३५ वाजता, सूर्याकडून आलेला जोरदार लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला. गेल्या दोन दशकांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात त्या रात्री तांबूस उजेड टिपला गेला. १९८९ च्या मार्चमध्ये असल्याच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती, म्हणून वीजमंडळांपासून उपग्रहवाल्यांपर्यंत सगळे आकड्यांवर नजर ठेवून होते. समजा अशा रात्री कोणी त्या दिवसाच्या चुंबकीय फाईलवर टेल -एफ लावून बसला आहे. फाईलच्या घड्याळात १७:०५, वर्षाचा १३१ वा दिवस. आकडा एकदम उडी घेतो, मग खाली यायला लागतो, मिनिटामिनिटाला एक ओळ, रात्रभर. २३:५७, २३:५८, २३:५९. आणि ओळी थांबतात. पडदा स्थिर. वादळ थांबलेलं नाही. जगभरच्या आकड्यांवरून काढलेला निर्देशांक तळाला, उणे चारशे नॅनोटेस्लांच्याही खाली, पोचायला अजून तीनेक तास आहेत. पण तारीख पालटली आहे, नव्या दिवसाची फाईल नव्या नावाने सुरू झाली आहे, आणि इथे मोठा एफ सुद्धा कामाचा नाही, कारण खुर्चीच दुसरी आहे. बाहेर उजाडू लागलेलं असतं. कंट्रोल आणि सी एकदम दाबून जुनं टेल सोडायचं, वरच्या बाणाने तीच आज्ञा परत आणायची, आणि १० च्या जागी ११ करायचं.